अंथरूण पाहून पाय पसरणारे माळावरचे जीव

होळी सरली आणि ऊन तापू लागले की आमच्या पालीच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारे बहुधा शेतकरी किंवा मेंढपाळ असतात. "डॉक्टरसाहेब, आम्ही डोक्याला टॉवेल गुंडाळतो, माठातलं पाणी पितो, तरी ऊन लागतं. मग त्या माळावरच्या हरणाला, सशाला, मोराला ऊन कसं लागत नाही? त्यांना कोण सलाइन लावतं?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बिंदुसरेचे पाणी आटत जाते, बालाघाटाच्या डोंगरावरचे गवत वाळून पिवळे पडते, चाऱ्यात दम राहत नाही. तरीही नायगावच्या अभयारण्यातले मोर आणि आपल्या गायरानातले ससे जून महिना पाहतात. सगळेच जगतात असे नव्हे. कोवळी, म्हातारी आणि आजारी जनावरे उन्हाळ्यात दगावतातच. पण जी जगतात ती कशाच्या जोरावर, हे समजून घेतले तर आपल्याही आरोग्याची एक मोठी गोष्ट उलगडते. म्हणून या आठवड्यात गोळ्या-औषधांऐवजी वन्यप्राण्यांविषयी बोलू.

शरीराचा जमाखर्च

प्रत्येक सजीवाच्या शरीरात ऊर्जेचा एक जमाखर्च सतत चालू असतो. जमेच्या बाजूला एकच रकम, ती म्हणजे अन्न. खर्चाच्या बाजूला मात्र अनेक खाती. पहिले खाते नुसते जिवंत राहण्याचे. आपण गाढ झोपलो तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांचे काम थांबत नाही. प्रौढ माणसाला या खात्यावर दिवसाला साधारण १,५०० उष्मांक, म्हणजे आपण ज्यांना कॅलरी म्हणतो त्या, खर्चावे लागतात. दुसरे खाते हालचालीचे: चालणे, पळणे, ओझे वाहणे. तिसरे खाते शरीराचे तापमान राखण्याचे. चौथे वाढीचे आणि पिले जन्माला घालून त्यांना पोसण्याचे. उरलेच काही तर ते चरबीच्या रूपाने शिल्लक पडते.

रानातल्या जनावराला दुकानातून उधार आणता येत नाही. त्यामुळे ते आपल्या मराठी म्हणीप्रमाणे अंथरूण पाहून पाय पसरते. आवक घटली की ते खर्चाला कात्री लावते. कोणते खाते आधी कापायचे आणि कोणते शेवटपर्यंत राखायचे, हा हिशेब त्याच्या शरीरात पिढ्यानपिढ्या बसलेला असतो.

रानात हिंडणाऱ्या प्राण्याचा खर्च मोजतात कसा, असे कोणी विचारील. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात नेथन लिफसन या शास्त्रज्ञाने १९५५ साली त्यासाठी एक सुरेख युक्ती मांडली. प्राण्याला थोडे खास पाणी टोचायचे. त्या पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा जड असल्याने तो ओळखू येतो. मग प्राण्याला मोकळे सोडायचे आणि काही दिवसांनी पुन्हा धरून रक्त तपासायचे. हायड्रोजन फक्त घाम, लघवी, वाफ अशा पाण्याच्या वाटेने बाहेर पडतो. ऑक्सिजन मात्र पाण्यावाटे जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही जातो. दोघांतला फरक काढला की किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, म्हणजेच शरीरात किती इंधन जळले, ते समजते. पुढे १९८० नंतर हीच पद्धत माणसांसाठीही वापरली जाऊ लागली.

लहान जीव, मोठा खर्च

या हिशेबात आकाराला फार महत्त्व आहे. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ साली निरनिराळ्या आकारांच्या प्राण्यांचा खर्च मांडून एक नियम दाखवला. शरीर जितके मोठे तितका एकूण खर्च अधिक, पण दर किलोमागे पाहिले तर खर्च कमी होत जातो. त्या नियमाने किलोभर उंदरांना लागणारी ऊर्जा किलोभर हत्तीच्या जवळजवळ वीसपट भरते. म्हणूनच घरातली चिचुंद्री रात्रभर भिंतीच्या कडेने धावपळ करीत असते. तिला फार काळ उपाशी राहणे परवडत नाही.

आपल्या घरातही हा नियम लागू पडतो. तान्ह्या बाळाला दर किलोमागे मोठ्या माणसाच्या दुपटी-तिपटीने ऊर्जा आणि पाणी लागते. बापाला जुलाब झाले तर तो दोन दिवस काढील, पण तेच बाळाला झाले तर काही तासांत त्याची टाळू खोल जाते, डोळे खोबणीत जातात. "उद्या बघू" हे वाक्य मोठ्यांसाठी एकवेळ चालेल, बाळासाठी नाही.

घोरपड आणि बेडूक यांची काटकसर

सर्वांत काटकसरी संसार थंड रक्ताच्या प्राण्यांचा. घोरपड, साप, सरडे शरीर गरम ठेवण्यासाठी अन्न जाळत नाहीत. ती उष्णता ते उन्हाकडून फुकट घेतात. सकाळी दगडावर पडून अंग तापवायचे आणि ऊन वाढले की बिळात शिरायचे. त्यामुळे त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात घोरपडीचा दिवस निभावतो. एकदा चांगले भक्ष्य मिळाले की साप कित्येक दिवस, काही जाती तर कित्येक आठवडे, उपाशी राहतात ते याच बळावर.

बेडकाने तर आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. पावसाळा संपून डबकी आटली की आपल्याकडचे अनेक बेडूक ओलसर मातीत खोल शिरतात आणि महिनोन्महिने निपचित पडून राहतात. हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास मंदावतो, खर्च नेहमीच्या निम्म्याहूनही खाली येतो. मृगाचा पहिला दमदार पाऊस पडला की एका रात्रीत सारे शिवार डरांव-डरांवने भरून जाते. लोकांना वाटते बेडूक पावसाबरोबर आभाळातून पडले. ते पडत नाहीत. दुकान बंद करून ते आपल्याच पायाखाली थांबलेले असतात.

गरम रक्ताचे प्राणी दुपार कशी काढतात

हरीण, ससा, मोर, लांडगा आणि माणूस यांना दुकान असे बंद करता येत नाही. त्यांचे तापमान ठराविक मर्यादेत राहावेच लागते. त्यांचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे घड्याळ बदलणे. उन्हाळ्यात मोर चरताना दिसेल तो पहाटे आणि दिवस मावळताना. दुपारी तो लिंबाच्या नाहीतर बाभळीच्या दाट सावलीत उभा असतो. ससा झुडपाच्या बुडाशी जमीन दाबून केलेल्या खळग्यात अंग चोरून बसतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. लांडगा रात्री कोस-कोस चालतो. माळरानावर दुपारी एक वाजता उभे राहून पाहा. हालणारी वस्तू बहुधा एकच दिसेल, ती म्हणजे माणूस.

दुसरा उपाय पाण्याची वाफ करून अंग निववणे. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. म्हणून कावळा दुपारी चोच उघडी ठेवून बसतो. अनेक पक्षी गळ्याची पातळ कातडी थरथरवतात. कुत्रे धापा टाकते. ही धाप फुकट नसते, तिलाही स्नायूंची मेहनत पडते. पण कुत्र्याच्या छातीचा पिंजरा झोपाळ्यासारखा आपल्या ठराविक लयीत हलतो, म्हणून मिनिटाला सुमारे ३०० श्वास घेऊनही त्याला फारसे श्रम पडत नाहीत.

पण पाणीच नसेल तर वाफ तरी कशाची करायची? इथे वाळवंटी प्राण्यांनी तिसरा उपाय शोधला आहे. नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात सहारा वाळवंटात उंटांचा अभ्यास केला. तहानलेल्या उंटाचे तापमान पहाटे ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि संध्याकाळी ४० च्या वर चढते, असे त्याला आढळले. म्हणजे उंट दिवसभर उष्णता घाम गाळून बाहेर टाकत बसत नाही, अंगात साठवतो आणि रात्रीच्या गारव्यात फुकट सोडून देतो. यात त्याचे दिवसाला जवळजवळ पाच लिटर पाणी वाचते. अंगातले पाणी घटून वजन चौथ्या हिश्श्याने उतरले तरी उंट जगतो. माणसाचे वजन त्याच्या निम्म्याने घटले तरी प्राण कंठाशी येतात.

आपल्या माळावरचा चिंकारा असाच चिवट. झाडपाल्यातला ओलावा आणि पहाटेचे दव यांवर तो पाण्याविना बराच काळ काढू शकतो. हरिणवर्गातल्या प्राण्यांच्या मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक बारीक जाळे असते. नाकातून थंड होऊन परतणारे रक्त या जाळ्याजवळून जाते आणि मेंदूकडे निघालेल्या रक्ताला थोडे निववते. अंग तापले तरी मेंदू त्यामानाने गार राहतो. माणसाला हे जाळे नाही, हे लक्षात ठेवा. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

सौदी अरेबियातल्या वाळवंटी हरिणांवरचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. चार महिने चारा-पाणी कमी दिल्यावर त्या हरिणांचे यकृत आणि हृदयही आकाराने घटले. ज्या अवयवांना पोसायला सर्वांत जास्त खर्च येतो तेच शरीराने लहान करून टाकले. दुष्काळात घरची मोठी चूल बंद करून लहान चूल मांडावी, तसेच हे.

हिमालय ओलांडणारे पाहुणे

काटकसर म्हणजे नुसते पडून राहणे नव्हे. हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस येतात. पक्षीमित्र त्यांना पट्टकादंब म्हणतात. या जातीचे हंस उन्हाळ्यात तिबेट, मंगोलियाकडे राहतात आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतात. शास्त्रज्ञांनी काही हंसांच्या अंगावर यंत्रे बसवली, तेव्हा त्यांचे उड्डाण ७,००० मीटरच्याही वर नोंदले गेले.

त्याहून मौजेची गोष्ट २०१५ साली पुढे आली. हे हंस एकदा उंच जाऊन तिथेच सरळ रेषेत उडत राहत नाहीत. डोंगर आला की चढतात, दरी आली की उतरतात आणि पुन्हा चढतात. आपल्याला हे खुळेपणाचे वाटेल. पण उंचावर हवा विरळ, तिथे पंख मारायला फार जोर लागतो आणि हृदयाची धडधड वाढते. उतरून पुन्हा चढणे त्यांना वर टिकून राहण्यापेक्षा स्वस्त पडते. कष्ट टळत नसतील तर निदान ते कुठे आणि केव्हा करायचे, हे निवडावे, असा त्याचा अर्थ.

शरीराची उचल

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. खर्च आवकीपेक्षा वाढला तर काय होते?

नेदरलँड्समध्ये खरुची नावाच्या लहान शिकारी पक्ष्यावर प्रयोग झाले. हा पक्षी हिवाळ्यात आपल्या माळावरही दिसतो. काही जोड्यांच्या घरट्यात शास्त्रज्ञांनी दुसऱ्यांची पिले जास्तीची ठेवली. आई-बापांनी कुरकुर केली नाही. जास्त फेऱ्या मारल्या, जास्त उंदीर आणले, पिले वाढवली. पाहणाऱ्याला वाटावे, यांना काहीच झाले नाही. पण पुढच्या हिवाळ्यात त्या आई-बापांतले मरणारे इतरांपेक्षा जास्त निघाले. कष्टाची किंमत त्या मोसमात दिसली नाही, पुढच्या मोसमात वसूल झाली.

बीड जिल्ह्यातल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मुकादमाकडून उचल घ्यायची, ती पुढे कोयत्यावर फेडायची, हा व्यवहार आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. शरीरही असेच उचल देते. भूक असताना, झोप नसताना, ऊन असताना तुम्ही राबलात तर ते लगेच नाही म्हणत नाही. आधी चरबी काढून देते, मग स्नायू झिजवते, मग रोगप्रतिकाराची शक्ती कमी करते. वसुली मात्र चुकत नाही.

ही मर्यादा माणसात कुठे आहे, याचाही अभ्यास झाला आहे. २०१५ साली अमेरिकेत काही धावपटू १४० दिवस देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावले. त्यांचा ऊर्जाखर्च मोजला तेव्हा असे दिसले की फार दिवस चालणाऱ्या कष्टात माणूस त्याच्या नुसत्या जगण्याच्या खर्चाच्या अडीचपटीच्या आसपास येऊन थांबतो. त्यापुढचा खर्च अन्नातून भरून निघत नाही, तो अंगातून जातो. आपल्या देशाच्या २०२० च्या आहारविषयक शिफारशीत अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३,४७० आणि स्त्रीला २,७२० उष्मांक सांगितले आहेत. पुरुषाचा आकडा आरामाच्या खर्चाच्या सव्वादोन-अडीचपटीच्या घरात येतो. म्हणजे मर्यादेला जवळजवळ टेकलेलाच. ऊसतोडीचा हंगामही पाच-सहा महिन्यांचा. फरक इतकाच की धावपटूंना पोटभर खायला होते आणि विसावा घ्यायची मुभा होती. पहाटे फडात जाणारी बाई मात्र स्वयंपाक करून जाते, मोळ्या वाहते आणि परत येऊन पुन्हा चुलीपुढे बसते. हंगामाहून परतलेली माणसे दवाखान्यात येतात ती अशक्तपणा, कंबरदुखी, रक्त कमी झाल्याची तक्रार घेऊन. टॉनिकची बाटली मागतात. बाटलीने ही उचल फिटत नाही. त्याला पोटभर भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडी, पालेभाजी आणि काही आठवड्यांची खरी विश्रांती लागते. रक्त खरोखरच कमी असेल तर तपासून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

माणसाची देणगी आणि तिची किंमत

उन्हाशी लढण्यासाठी निसर्गाने माणसाला एक देणगी दिली आहे, ती म्हणजे घाम. सर्वांगातून भरभरून घाम गाळणारे प्राणी थोडेच, त्यात माणूस अग्रगण्य. एक लिटर घाम वाळला तर अंगातली जवळजवळ ५८० उष्मांक उष्णता निघून जाते. पण या देणगीची किंमत पाण्यात आणि मिठात मोजावी लागते. भर उन्हात कष्ट करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो. आणि हवा दमट असेल तर घाम नुसताच निथळतो, वाळत नाही. मग पाणी जाते आणि गारवाही मिळत नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात तासन्तास उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता आणि ती माणसे ऊस तोडत नव्हती, नुसती बसली होती. म्हणून "आज ४५ नाही, ४० च आहे" या हिशेबावर विसंबू नका. सावली नसणे, पाणी नसणे आणि हवा दमट असणे हेही तितकेच मारक.

ऊन लागल्याची पहिली खूण म्हणजे डोके दुखणे, मळमळ, गोळे येणे, चक्कर, लघवी कमी आणि गडद होणे. एवढ्यावर काम थांबवून सावली आणि पाणी मिळाले तर माणूस सावरतो. पुढची पायरी उष्माघाताची: अंग चटका बसेल असे तापणे, ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या पुढे जाणे, असंबद्ध बडबड, झटके, बेशुद्धी. मघाशी सांगितले तसे हरिणाच्या मेंदूला जाळ्याचे संरक्षण आहे, आपल्या मेंदूला नाही. म्हणून बडबड सुरू होणे ही शेवटची घंटा समजा. अंग घामाने ओले असले तरी उष्माघात असू शकतो. अशा वेळी रुग्णाला सावलीत आणा, कपडे सैल करा, सर्वांगावर पाणी ओता आणि जोराने वारा घाला. बर्फ मिळाल्यास मान, काख, जांघा येथे ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नका. तापाची गोळी इथे उपयोगी पडत नाही, कारण हा ताप जंतूंचा नाही. खिशात कांदा ठेवून ऊन टळत नाही. कांदा भाकरीबरोबर खावा.

रानाकडून काय घ्यावे

एक, घड्याळ बदला. उन्हाळी कामे पहाटे आणि सायंकाळी करा. दुपारी १२ ते ४ हा वेळ सावलीचा. हा आळस नव्हे. मोराला कोणी आळशी म्हणत नाही.

दोन, तहान लागण्याची वाट पाहू नका. उन्हात काम करताना दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. घाम फार जात असेल तर अधूनमधून ताक, मीठ घातलेले लिंबूपाणी किंवा जलसंजीवनी घ्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की ती घरी तयार होते. रक्तदाबाच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मिठाबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे.

तीन, शरीराला सवयीसाठी वेळ द्या. उन्हात काम करण्याची सवय शरीराला एक ते दोन आठवड्यांत लागते. नवा माणूस, आजारातून उठलेला माणूस किंवा बरेच दिवसांनी कामावर आलेला माणूस पहिल्या चार-पाच दिवसांत सर्वांत आधी पडतो. त्याला अर्धेच काम द्या.

चार, बायकांसाठी आडोसा करा. फडात, रस्त्याच्या कामावर, शेतात लघवीला जागा नसते म्हणून कित्येक जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ, मूतखडा आणि उन्हाचा त्रास एकदमच येतात. चार बांबू आणि एक जुने पोते एवढ्याने हे टळते.

यातली बरीचशी कलमे मजुराच्या हातात नसतात, हे मला माहीत आहे. चिंकाऱ्याला दुपारी सावलीत थांबायला कोणाची परवानगी लागत नाही. मजुराला लागते. म्हणून हा लेख मी जितका राबणाऱ्यांसाठी लिहिला, तितकाच कामाची वेळ ठरवणाऱ्यांसाठी, म्हणजे मुकादम, गुत्तेदार आणि बागायतदार यांच्यासाठीही लिहिला आहे. दुपारचे चार तास सोडल्याने काम बुडत नाही, ते पहाटेकडे सरकते. आणि अंगणात, बांधावर एक पसरट भांडे पाण्याने भरून ठेवायला विसरू नका. चोच उघडी टाकून बसलेल्या पाखरालाही तेवढाच आधार.

पुढील आठवड्यात लहान मुलांच्या उन्हाळी जुलाबाविषयी.